कडुबा त्रिभुवनांच्या जीवनवृत्तांताची चौदावी दुरुस्ती

गारखेड्यातले कडुबा त्रिभुवन गेली बारा वर्षं मरायच्या तयारीत आहेत, आणि खोटं कशाला बोला, इतकी जय्यत तयारी लोक पोरीच्या लग्नाचीसुद्धा करत नाहीत. वय सत्तर. नोकरी एसटीच्या वर्कशॉपमधे, इंजिनाच्या कामावर. अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाले. तब्येत म्हणाल तर ठणठणीत. बीपीची अर्धी गोळी सोडली तर डॉक्टरलासुद्धा त्यांच्यात काही रस उरलेला नाही.

पण मयताची पेटी तयार आहे. सागवानी, पितळी कड्यांची, अंगाच्या मापानं करून घेतलेली. मागच्या खोलीत दोन स्टुलांवर ती ठेवलेली असते आणि केसरबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, तिच्यात गोधड्या ठेवतात. सुरुवातीला कडुबांनी यावरून घर डोक्यावर घेतलं होतं. केसरबाई म्हणाल्या, "तुम्ही निघालात की काढीन ना गोधड्या. तवर काय उंदरांना आंदण देऊ?" घरी मुक्कामी पाहुणे आले की केसरबाई बिनधास्त त्या पेटीतून पांघरूण काढून देतात. पाहुणे दुसऱ्यांदा मुक्कामाला येत नाहीत.

कोटही तयार आहे. दरवर्षी वाढदिवसाला कडुबा तो घालून बघतात. एका वर्षी पोटावरचं बटण लागेना, तर गड्यानं दोन महिने भात सोडला. लोक जगायचं म्हणून वजन कमी करतात, यांनी पेटीत नीट बसायचं म्हणून केलं! कबरस्थानातली जागा सांगून ठेवलेली, आईच्या शेजारची. गाणी पाच, त्यांच्या चालींसकट ठरलेली. हार्मोनियम कुणी वाजवायचं नाही, हेही लिहून ठेवलेलं.

हे सगळं सुरू झालं सखाराम निर्मळ गेला तेव्हापासून. सखाराम त्यांचा वर्कशॉपातला जोडीदार, एका मंडळीतला, म्हणजे एकाच चर्चचा, एका बाकावरचा. दोघं एकाच दिवशी रिटायर झाले. निरोपाच्या कार्यक्रमात दोघांच्या गळ्यात हार घातले. सखारामनं चहाचा कप उचलला, "कडुबा, आता निवांत रे," म्हणाला, खुर्चीत बसला आणि तसाच गेला. कपातला चहा सांडलासुद्धा नाही.

मयताला सगळा बट्ट्याबोळ. पेटी आखूड निघाली. गाणं सुरू करणाऱ्यानं चाल चुकवली. आणि जीवनवृत्तांताचं तर विचारू नका. ख्रिस्ती मंडळीत मयताच्या उपासनेत गेलेल्या माणसाचा जीवनवृत्तांत वाचून दाखवतात. जन्म कुठं, बाप्तिस्मा कधी, नोकरी कोणती, स्वभाव कसा आणि मागे परिवार कोण कोण, असं पान-दीड पान. सखारामचा वृत्तांत पुण्याहून आलेल्या पुतण्यानं घाईघाईत लिहिला. त्यात सखाराम ड्रायव्हर झाला, दोन पोरांची तीन पोरं झाली, आणि स्वभाव लिहिला 'शांत व मितभाषी'. ज्या माणसाच्या शिव्यांवर अख्खं वर्कशॉप चालायचं, तो मितभाषी! कडुबांनी त्याच दिवशी ठरवलं, आपलं असं होऊ द्यायचं नाही. आपला वृत्तांत आपण लिहायचा.

हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण असं की कडुबा घाबरले. हातातला कप न सांडता माणूस जातो, हे त्यांनी हातभर अंतरावरून पाहिलं होतं. तेव्हापासून ते बसल्याजागी डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी बघत बसायचे. एखादा ठोका इकडंतिकडं झाला की पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. तोंडानं मात्र "प्रभूची इच्छा." मंडळीतल्या लोकांना वाटलं, कडुबाभाऊ फार आध्यात्मिक झाले. दोनदा त्यांना प्रार्थना चालवायला बोलावलं. दोन्ही वेळेला त्यांनी अर्धा तास मरणावर प्रार्थना केली आणि एका बाळंतिणीला चक्कर आली. तिसऱ्यांदा कुणी बोलावलं नाही.

शहरातलं एकही ख्रिस्ती मयत ते चुकवत नाहीत. दुसऱ्या बाकावर बसतात, खिशात छोटी वही. उपासना झाली की घरच्यांना भेटून सांगतात, "पेटी चांगली होती. फुलं जरा जास्त झाली." घरचे रडायचे थांबून त्यांच्याकडं बघत राहतात. मंडळीचे पाळक, म्हणजे पास्टर, प्रणय दुशिंग वयानं पोरगेलेच, पण जिभेला धार. कडुबा त्यांना एकदा विचारायला गेले की माझ्या वेळेला तुम्ही कशावर बोलणार. पाळकसाहेबांनी हात जोडले.

"काका, मरणाची तयारी ठेवा असं शास्त्र सांगतं, मी नाही कशाला म्हणू? पण तयारी वेगळी आणि नाद वेगळा. दर ईस्टरला आपण घसा फोडून गातो की मरण हरलं. आणि तुम्ही त्या हरलेल्या पार्टीचा वर्षभर प्रचार करत फिरताय!"

कडुबांनी घरी येऊन पाळकांचं नाव मयताच्या वक्त्यांतून खोडलं.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. नेता येत नव्हती ती एकच गोष्ट. कडुबा शहराची हद्द सोडत नव्हते. इकडं हर्सूल, तिकडं चिकलठाणा, वर पडेगाव, संपलं. बाहेर कुठं काही झालं तर? कुठला डॉक्टर, कुठली गाडी, कोण आणणार, पेटी इथं आणि आपण तिथं! त्यांची एकुलती एक लेक मोनिका सिल्लोडला शाळेत शिक्षिका. जावई राजकुमारही शिक्षक. जेमतेम पासष्ट किलोमीटर. लग्नाला नऊ वर्षं झाली आणि बापानं लेकीच्या घराचा उंबरा पाहिलेला नव्हता. ती यायची, भेटायची, जायची. घर बांधलं तेव्हाही वास्तूच्या प्रार्थनेला बाप नाही. फोटो पाठवले, ते यांनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाले, "जिना लई अरुंद ठेवलाय. पेटी वळायची नाय."

मग नऊ वर्षांनी मोनिकाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत. मोनिका फोनवर शांतपणे म्हणाली, "मम्मी, ज्या घरात पेटी मांडलीय त्या घरात मी बाळंतपणाला येणार नाय. तूच इकडं ये." केसरबाई दुसऱ्या दिवशी बॅग भरून गेल्या. कडुबा दोन महिने त्या पेटीसोबत एकटे राहिले. वरणभाताचा कुकर लावायला शिकले.

मुलगी झाली. सव्वा महिन्यानं मोनिकाचा फोन आला.

"पप्पा, बाळाचा बाप्तिस्मा ठरवलाय. पुढच्या महिन्यातला दुसरा रविवार, इथंच, आमच्या मंडळीत. राजकुमारचे आईवडील नाहीत हे तुम्हाला माहितीय. तुम्ही बाळाचे धर्मबाप व्हा."

धर्मबाप म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला हातात घेऊन उभा राहणारा, त्याच्या वतीनं देवासमोर शब्द देणारा. मोठा मान. कडुबांचा जीव एकदम वर आला आणि लगेच खाली बसला.

"पोरी, मी आता पिकलं पान. धर्मबाप कसा तरणाताठा पाहिजे. आणि प्रवासाचं म्हणशील तर फुलंब्रीच्या अलीकडं रस्त्यात काय झालं म्हणजे..."

"काय होईल?"

"मरण काय सांगून येतं?"

मग मोनिका जे बोलली ते कडुबांना लेकीच्या तोंडून कधी ऐकावं लागेल असं वाटलं नव्हतं.

"येतं, पप्पा. आपल्या घरी सांगून आलंय, बारा वर्षं बसून राहिलंय. मी बारा वर्षं माझ्या बापाच्या मयताला बसलेय. तुम्ही समोर जेवताय, आणि मी मनातल्या मनात तुम्हाला रोज पोचवतेय. खरंच जाल ना, त्या दिवशी माझ्याकडं रडायला पाणी शिल्लक नसंल. येऊ नका. पण एक ऐका. बाळाचं नाव आम्ही बाप्तिस्म्यातच जाहीर करणार. तोवर कुणाला सांगणार नाय, आणि जो आला नाय त्याला नंतरही सांगणार नाय."

फोन ठेवला. दुसऱ्या कुणाला असं ऐकावं लागलं असतं तर तो मिळेल त्या गाडीनं सिल्लोडला गेला असता. कडुबांनी मनगटावर दोन बोटं ठेवली. ठोके जोरात होते. त्यांनी बीपीची गोळी अख्खी घेतली.

दोन दिवसांनी मन गुंतवायला म्हणून त्यांनी जीवनवृत्तांत काढला. नात झाली होती, परिवारात भर घालायची होती, म्हणजे चौदावी दुरुस्ती. चौकातल्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात रूपाली बसते. बुद्धविहाराच्या मागं घर, बोलायला फटकळ, पण हात विजेसारखा. तेराच्या तेरा दुरुस्त्या तिनंच टाईप केल्या होत्या. तिनं फाईल उघडली.

"बोला काका. तुमच्या मागं पत्नी, एक मुलगी, जावई. आता नात. नाव काय नातीचं?"

"नाव... नाव ठेवायचंय अजून."

"मग 'एक नात' म्हणून सोडू?"

कडुबांना ते सोसेना. बाकी सगळ्यांची नावं असताना एकटीचं नुसतं 'एक नात', म्हणजे हिशेबाबाहेर राहिलेल्या माणसासारखं. आणि वाचणारा तिथं अडखळणार. नाव पाहिजेच. "थोडं थांब. नाव आणून देतो."

"आणि काका, एक विचारू? रागावू नका." रूपालीनं कर्सर वर नेला. "जन्म आहे, शाळा आहे, नोकरी आहे, लग्न आहे, मोनिकाताईचा जन्मपण आहे. निवृत्ती दोन हजार तेरा. आणि मग एकदम 'प्रभूत निद्रिस्त झाले'. मधल्या बारा वर्षांत केलं काय तुम्ही?"

"तयारी."

"मग लिहू? 'बारा वर्षे तयारी केली'?"

ती हसत नव्हती. खरंच विचारत होती, बोटं कीबोर्डवर ठेवून. कडुबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. कानामागं गरम झालं. साठ वर्षांपूर्वी मास्तरनं फळ्यापाशी उभं करून विचारलं होतं आणि गणित आलं नव्हतं, तेव्हा झालं होतं तसंच.

"राहू दे तेवढं," ते म्हणाले आणि निघाले.

घरून त्यांनी केसरबाईंना फोन लावला. नुसतं नाव सांग म्हणाले. केसरबाई म्हणाल्या, "माह्याकडून शपथ घेतलीय पोरीनं." "अगं, पण कागदावर घालायचंय." "कंच्या कागदावर?" कडुबांनी खरं ते सांगितलं. पलीकडून केसरबाईंनी फोन कट केला.

आता माणूस लेकीच्या रागासाठी गेला नाही, नातीचं तोंड बघायला गेला नाही, आणि गेला कशासाठी, तर स्वतःच्या मयताच्या कागदात एक नाव कमी पडतंय म्हणून! पण गेला. ठरलेल्या रविवारी सकाळी कडुबा स्टँडवर उभे होते. अंगात कोट, तोच. वरच्या खिशात जीवनवृत्तांत, खालच्या खिशात चिठ्ठी: 'मी वाटेत गेल्यास पुढील नंबरवर कळवावे.' हर्सूलचं कारागृह मागं पडलं तसा त्यांनी डोळे मिटून श्वास घेतला, तो चौक्याच्या घाटात सोडला. शेजारी सिल्लोडची एक खाला मक्याच्या कणसांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "भाईजान, पहली बार जा रहे क्या?" कडुबा म्हणाले, "बेटी का घर है." बोलून गेल्यावर त्यांना कसंतरीच झालं. फुलंब्री आली, गेली. काहीही झालं नाही. पुढं आळंदला गाडी थांबली तेव्हा त्यांनी उतरून उसाचा रस घेतला.

सिल्लोडचं प्रार्थनामंदिर छोटंसंच, पत्र्याचं. तिथं पोचले तेव्हा उपासना निम्मी झाली होती. कडुबा मागच्या बाकावर टेकले. पुढं मोनिका दिसली, पाठमोरी, तिच्या खांद्यावर पांढऱ्या टोपड्यातलं इवलंसं डोकं. कडुबांनी वृत्तांत काढून मांडीवर ठेवला, पेन उघडलं. नाव ऐकायचं, लिहायचं, दोनची गाडी धरायची.

तिथले पाळक बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी आले. वय झालेले, जाड भिंगाचे. म्हणाले, "बाळाचे आईवडील आणि धर्मबाप पुढं या."

मोनिका आणि राजकुमार पुढं गेले. तिसरं कुणी उठलं नाही. पाळकांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "धर्मबाप, कडुबा शंकर त्रिभुवन. आले नाहीत का?"

म्हणजे नाव बदललंच नव्हतं! एवढं तोडून बोलली, येऊ नका म्हणाली, आणि नाव तेच ठेवलं. ते उभे राहिले नाहीत तर कुंडापाशी तिच्या बाळाला घ्यायला कुणीच नव्हतं, हे तिनं ठरवूनच केलं होतं. केसरबाई पहिल्या बाकावरून मागं वळून बघत होत्या. सगळी मंडळी बघत होती. कडुबा उठले. कागद मांडीवरून खाली पडला, तो उचलायला ते थांबले नाहीत.

मोनिकानं त्यांच्याकडं पाहिलं नाही. नुसतं बाळ त्यांच्या हातात दिलं. दोन महिन्यांचा जीव, वजन ते काय, पण कडुबांचे दोन्ही हात गुंतले आणि बारा वर्षांत पहिल्यांदा मनगट धरायला हात मोकळा राहिला नाही. बाळानं जांभई दिली.

"नाव?" पाळकांनी विचारलं. मोनिका कानाशी येऊन कुजबुजली. कडुबा मोठ्यानं म्हणाले, "स्तुती." पाणी टाळूवर पडलं. स्तुतीनं सगळं प्रार्थनामंदिर दणाणून टाकलं.

मग पाळक धर्मबापाकडं वळले. प्रश्न कडुबांनी आयुष्यात पन्नास वेळा ऐकला होता, पण दुसऱ्याला विचारलेला. "कडुबा त्रिभुवन, ही मुलगी मोठी होऊन स्वतःच्या तोंडानं विश्वासाची कबुली देईपर्यंत तुम्ही तिचा हात धरून तिला चालवाल का?"

ती कबुली, म्हणजे दृढीकरण, होतं पंधराव्या वर्षी. कडुबांनी मनात बेरीज केली. पंच्याऐंशी.

"पाळकसाहेब," ते हळू आवाजात म्हणाले, "माझं वय सत्तर आहे."

"बरं."

"ही पंधरा वर्षांची होईस्तोवर मी..."

"मी वय नाय विचारलं, काका. होय की नाय, तेवढं सांगा."

मागं कुणीतरी खोकलं. माणूस हजार गोष्टींत हुकेल, पण देवासमोर दिलेला शब्द त्यांनी आजवर मोडला नव्हता. वर्कशॉपातसुद्धा नाही. आणि इथं 'होय' म्हटलं की पंधरा वर्षं मरायची सोय नाही. मधेच गेलो तर देवासमोर खोटा पडलो! 'नाय' म्हणावं, तर मोनिका शेजारी उभी होती, खाली मान घालून, ओठ दाताखाली धरून. लहानपणी पप्पा डबल ड्युटी करून येईपर्यंत ती दारात अश्शीच उभी राहायची. स्तुतीचं रडं थांबलं होतं. तिनं त्यांच्या कोटाचं बटण पकडलं होतं आणि ते काही केल्या सोडत नव्हती.

"होय," कडुबा म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की त्यांचे तेच दचकले. "होय. धरीन हात."

मोनिकानं तोंडाला पदर लावला आणि हुंदका दिला. पाणी शिल्लक नसेल म्हणाली होती ती बाई! चांगली पाच मिनिटं रडली. राजकुमारनं पुढचं गाणं एकट्यानं सुरू केलं.

उपासना संपली. बाहेर पायरीवर कडुबा बाळाला घेऊन बसले. कुणालाही देईनात. केसरबाई शेजारी येऊन टेकल्या.

"केसर, मला लई मोठं अडकवलं गं यांनी," ते म्हणाले. "देवासमोर बोललोय. आता पंधरा वर्षं..."

"काय पंधरा वर्षं?"

"तेच."

"तोंडानं म्हणा की. मरायचं म्हणायला कधी लाज वाटली नाय. हे म्हणायला काय झालं?"

कडुबांनी नातीकडं पाहिलं. ती झोपली होती, मूठ अजून बटणावरच.

"जगावं लागंल," ते म्हणाले, आणि भर दुपारी, सगळ्या मंडळीदेखत, लहान पोरासारखे रडायला लागले.